पुण्याहून बसने एका दिवसाची डोंगरवाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःची गाडी नसेल तर एका दिवसात नक्की काय काय जमतं?

बरंच जमतं. सिंहगड, मल्हारगड, पुरंदर, घोराडेश्वर आणि कात्रजच्या टेकड्या पीएमपी (पुण्याची शहर बससेवा) बसच्या टप्प्यात येतात. तोरणा, राजगड आणि शिवनेरीसाठी एसटी धरावी लागते. यातला राजगड सोडला तर नीट आखणी केल्यावर बाकी सगळे सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतण्याच्या हिशोबात बसतात. राजगडचं वेगळं आहे, ते पुढे सविस्तर सांगितलं आहे.

आखणीची सुरुवात कुठून करायची?

परतीच्या शेवटच्या गाडीपासून. चढायला किती वेळ लागेल हा प्रश्न नंतरचा.

कारण असं, की खेड्याकडच्या बसचं वेळापत्रक गावकऱ्यांच्या सोयीने बांधलेलं असतं. गावातली माणसं सकाळी कामाला, कॉलेजला, दवाखान्याला शहरात येतात आणि संध्याकाळी परततात. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते आणि पहाटे पुण्याकडे निघते. डोंगरावर जाणाऱ्याचा प्रवास याच्या नेमका उलटा. त्यामुळे सकाळी गावाकडे जाणाऱ्या फेऱ्या कमी भेटतात आणि संध्याकाळी गावातून शहराकडे येणाऱ्या त्याहून कमी. काही गावांतून पुण्याकडे निघणारी शेवटची गाडी दुपारी चार-साडेचारलाच सुटते.

म्हणून आधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ काढा. शेवटची गाडी रद्द झाली तर हाताशी काहीतरी उरावं, म्हणून तिच्या आधीची गाडी हीच आपली गाडी धरा. त्यातून उतरण्याचा वेळ वजा करा आणि वर एक तास राखीव ठेवा. जी वेळ उरते त्या वेळी माथा गाठलेला असो वा नसो, मागे फिरायचं. पायथ्याला उतरताक्षणी कंडक्टरला किंवा थांब्याजवळच्या टपरीवाल्याला परतीची वेळ पुन्हा विचारा. छापील वेळापत्रकापेक्षा टपरीवाल्याची माहिती ताजी असते, हा नियम जवळपास प्रत्येक गावात खरा ठरतो.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. खेड्यातल्या अनेक फेऱ्या शाळकरी मुलांसाठी असतात. रविवारी, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यातल्या काही बंद असतात. मंगळवारी मिळालेली गाडी रविवारी असेलच असं नाही.

पीएमपी आणि एसटी यांत फरक काय पडतो? पास आणि सवलती कुठे चालतात?

पीएमपी शहर आणि आसपासच्या पट्ट्यात धावते. फेऱ्या जास्त, थांबे जास्त. दिवसाचा पास कंडक्टरकडेच मिळतो, पण तो घेताना गडाचा पायथा पासाच्या हद्दीत येतो का ते विचारा. महापालिका हद्दीचा पास वेगळा, पीएमआरडीए (शहराभोवतीच्या प्रदेशाचं विकास प्राधिकरण) हद्दीपर्यंत चालणारा वेगळा आणि महाग. चुकीचा पास घेतला की परतीला पुन्हा तिकीट काढावं लागतं.

एसटीत महिलांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत, मात्र वयाचा पुरावा सोबत हवा. एसटीची ही सवलत पीएमपीत चालत नाही.

स्वारगेट हे दक्षिणेकडच्या गडांचं ठाणं. वेल्हे, भोर, नसरापूर बाजूच्या एसटी तिथून सुटतात. जुन्नरची गाडी मात्र वाकडेवाडीहून. शिवाजीनगरचं एसटी स्थानक २०१९च्या शेवटी मेट्रोच्या कामासाठी तिकडे हलवलं, आणि अजूनही जुन्या जागी जाऊन गाडी चुकवणारे भेटतात.

अगदी पहिल्यांदाच जायचंय. कुठून सुरुवात करावी?

आधी शहरातच पाय तपासा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून पुढे तळजईच्या टेकडीवर जा आणि तसेच परत या. वेताळ टेकडीही उत्तम. दोन-तीन तास न थांबता चालून दुसऱ्या दिवशी गुडघे, पोटऱ्या ठीक राहिल्या, तर पुढचा टप्पा घोराडेश्वर. देहूरोडच्या पुढे जुन्या मुंबई महामार्गालगत हा डोंगर आहे. तळेगाव-वडगावकडे जाणाऱ्या बसने पायथ्याशी उतरता येतं आणि अर्ध्या-पाऊण तासात लेण्यांपर्यंत पोचता येतं. लहान मुलांना घेऊन जायलाही ही जागा बरी, फक्त महामार्ग ओलांडताना मुलांचा हात सोडू नका. त्यानंतर सिंहगड.

सिंहगडला बसने कसं जायचं? पायवाट किती अवघड आहे?

शनिवारवाडा-स्वारगेट भागातून ‘सिंहगड पायथा’ अशी पाटी असलेली ५० क्रमांकाची बस पकडा. ती सिंहगड रस्त्याने खडकवासला, डोणजे करत पायथ्याच्या आतकरवाडीला सोडते. ती वेळेवर मिळाली नाही तर खानापूर-पानशेतकडे जाणारी बस घेऊन गोळेवाडी चौकात उतरता येतं. तिथून आतकरवाडी अर्ध्या-पाऊण तासाची चाल. गोळेवाडीहून घाटरस्त्याने वर जाणाऱ्या जीपही भरतात. चढायचं नसलेल्या घरच्या ज्येष्ठांना जीपने पाठवून वर भेटण्याची सोय त्यामुळे होते.

पायवाट साधारण पावणेतीन किलोमीटर आहे, उंची जवळजवळ सहाशे मीटर चढायची. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर. रोज चालणाऱ्याला एक ते सव्वा तास, नवख्याला दोन. वाट चुकण्याचा प्रश्नच नाही, इतकी ती मळलेली आहे. पण याच मळलेपणाने तिची झीजही झाली आहे. मधल्या टप्प्यात पावलांनी आणि पावसाच्या पाण्याने माती वाहून गेली आहे, त्यामुळे दगड सुटे झालेत आणि पायऱ्यांची उंची कुठे वीतभर तर कुठे गुडघाभर आहे. चढताना हे जाणवत नाही. उतरताना मात्र मुरमावरून पाय सरकतो, आणि सिंहगडावर घोटा मुरगळल्याच्या घटना बहुतेक उतरतानाच होतात. उतरताना पाऊल आडवं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा आणि मागच्याशी चार-पाच पावलांचं अंतर राखा.

वाट पुणे दरवाजाशी निघते. एकामागून एक तीन दरवाजे ओलांडून आत गेलात की तानाजी मालुसरे यांची समाधी, देवटाकं, कल्याण दरवाजा आणि तानाजी कडा हे सगळं पाहायला दीड ते दोन तास राखून ठेवा. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला थांबणार असाल तर अर्धा तास आणखी धरा. ४ फेब्रुवारी १६७० च्या लढाईचा हा गड आहे. नुसता चढून-उतरून व्यायाम करायचा असेल तरी एकदा तरी कल्याण दरवाजापर्यंत जाऊन यावं, गडाची बांधणी तिथे कळते.

सिंहगडला रविवारी जावं का?

पहाटेच्या पहिल्या बसने जाऊन अकराच्या आत खाली येणार असाल तर जावं. पावसाळ्यातल्या रविवारी दुपारनंतर अजिबात नाही. खडकवासल्याच्या धरणाकाठी कणसं-भजी खाणाऱ्यांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागतात आणि डोणजे ते खडकवासला हा टप्पा तासन्‌तास तुंबतो. बस त्याच कोंडीत अडकते, म्हणून पायथ्याला पोचतच नाही. मग थांब्यावर दोनशे माणसं आणि एक बस. शनिवार सकाळ किंवा कामाचा वार मिळाला तर तोच धरा.

एका बाजूने चढून दुसरीकडून उतरता येईल का?

बसने जाण्याचा खरा फायदा हाच आहे. गाडी पायथ्याला ठेवलेली नसते, त्यामुळे त्याच वाटेने परतायची सक्ती नाही. सिंहगडावर आतकरवाडीकडून चढून कल्याण दरवाजाने कल्याण गावात उतरता येतं. ही वाट शांत आहे, तासाभरात खाली आणते. पण कल्याण-कोंढणपूर बाजूला बस तुरळक आहेत. त्यामुळे हा बेत करायचा तर उलटा करावा: सकाळी कोंढणपूर-कल्याणकडे जाणारी गाडी साधून तिकडून चढायचं आणि आतकरवाडीला उतरायचं, जिथून परतीच्या फेऱ्या भरपूर. कुठल्याही आरपार वाटेला हेच सूत्र लावा. कमी बस असलेलं टोक सकाळी, जास्त बस असलेलं टोक संध्याकाळी.

कात्रज ते सिंहगड ही चाल एका दिवसात होते का?

होते, पण ती पहिल्या पाच चालींत धरू नका. कात्रजच्या जुन्या बोगद्यावरून धारेवर (डोंगररांगेच्या माथ्यावर) चढायचं आणि एकामागून एक टेकड्या चढत-उतरत सिंहगडच्या घाटरस्त्याला लागायचं. अंतर तेरा-चौदा किलोमीटर, वेळ सहा ते आठ तास. प्रत्येक टेकडी छोटी आहे, पण डझनभर टेकड्या चढून-उतरून बेरीज मोठी होते.

कात्रजपर्यंत बस मुबलक आहेत. पुढे जुन्या बोगद्यासाठी बस जुन्या घाटाने जाते की नव्या बोगद्यातून, हे चढण्याआधी कंडक्टरला विचारा. नव्या बोगद्याची बस तुम्हाला डोंगराखालून थेट पलीकडे शिंदेवाडीला नेऊन सोडेल.

या वाटेवर तीन गोष्टी बिघडतात. पहिली, पाणी. धारेवर भरवशाचं पाणी कुठेही नाही, म्हणून माणशी किमान तीन लिटर खांद्यावर हवं. दुसरी, घसारा. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की उतारावरच्या मुरमावर ते गालिच्यासारखं सरकतं. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, सोंडा. मुख्य धारेपासून डावी-उजवीकडे सोंडा, म्हणजे खाली उतरत जाणारे डोंगराचे फाटे, फुटतात आणि त्यांच्यावर गुरांच्या वाटा मळलेल्या असतात. रात्री चालणारे गट बहुधा अशाच सोंडेवर उतरतात आणि पुन्हा वर चढण्यात दमतात. सिंहगडचा दूरदर्शन मनोरा समोर दिसत राहील असं दिवसाउजेडी चाला. सकाळी साडेसहाला बोगद्यावर पाय ठेवला तर दुपारी तीनपर्यंत आतकरवाडीची बस गाठता येते.

गर्दी नको, चढही फार नको. असा गड आहे का?

मल्हारगड. सोनोरीचा किल्ला म्हणूनही तो ओळखतात. १७५७ ते १७६० च्या दरम्यान पेशवाईत पानसे घराण्याने बांधलेला हा त्रिकोणी आकाराचा गड मराठेशाहीत उभारलेल्या किल्ल्यांतला शेवटचा मानतात. दिवे घाटावर नजर ठेवायला तो बांधला आणि बसही त्याच घाटातून जाते.

हडपसरमार्गे सासवड किंवा जेजुरीला जाणारी पीएमपी पकडा. घाट चढून गेल्यावर झेंडेवाडी फाट्यावर उतरा, गावातून खिंडीकडे चाला आणि तिथून गडावर चढा. उतरताना दुसऱ्या अंगाने सोनोरीत या, पानशांची गढी बाहेरून पाहा आणि सहा किलोमीटरवरच्या सासवडला रिक्षाने किंवा चालत जा. सासवडहून पुण्याला बस सतत असतात. सगळं मिळून सकाळचा अर्धा दिवस.

डोंगर उघडा-बोडका आहे. सावलीला झाड नाही, गडावरचं पाणी पिण्याजोगं नाही. मार्च ते मे या काळात सकाळी दहाच्या आत खाली यावं. जून-जुलैत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो आणि वाहतूक बोपदेव घाटाने वळवतात. तो दिवस पंचांगात बघून टाळा. किंवा वारकऱ्यांबरोबर घाट चालतच चढा, पण मग गडाचा बेत सोडून द्या.

पुरंदरला जाताना काय लागतं?

मूळ ओळखपत्र. गड लष्कराच्या ताब्यात आहे, प्रवेशद्वारावर नोंद होते आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर पडावं लागतं. मोबाइलमधला फोटो दाखवून काम होईल या भरवशावर राहू नका. फोटो काढायला जिथे मनाई आहे तिथे कॅमेरा बाहेर काढू नका.

सासवडहून नारायणपूरची गाडी मिळते. नारायणपूरला दत्ताचं देऊळ असल्यामुळे पौर्णिमेला तिथे मोठी गर्दी होते. गाड्या भरून वाहतात, पण त्या मिळतात तरी. तिथून गड चढायला दीड तास. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी इथला आणि १६६५च्या वेढ्यात मुरारबाजी देशपांडे पडले तेही इथेच. दुपारी एकपर्यंत दरवाजात पोचला नाहीत तर माथ्यावरच्या केदारेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन निवांत परतणं कठीण.

राजगड आणि तोरणा बसने एका दिवसात होतात का?

तोरणा होतो. पायथ्याच्या वेल्ह्यालाच एसटी थांबते, त्यामुळे उतरलं की चढ सुरू. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत उंच गड, १४०३ मीटर. चढायला अडीच-तीन तास, बिनी दरवाजाच्या खाली खडकाचा टप्पा आहे, तिथे आधाराला रेलिंग आहे. सकाळी स्वारगेटहून निघणारी पहिली वेल्हे गाडी चुकली, तर बेत दुसऱ्या दिवसावर ढकला. ओढाताण करून चढलेल्यांचा उतार अंधारात येतो. त्या खडकावर अंधार नको.

राजगडचं गणित वेगळं. वेल्हे गाडीने मार्गासनीला उतरायचं, पुढे साखरमार्गे पायथ्याच्या गुंजवण्याला वडाप (माणशी भाडं घेणारी) जीप. किंवा महामार्गावर चेलाडी फाट्यापर्यंत सातारा बाजूची कुठलीही साधी गाडी आणि तिथून जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यात तास-दीड तास जातो. चोर दरवाजाने पद्मावती माची गाठायला अडीच-तीन तास. म्हणजे माचीवर पाय ठेवेपर्यंत दुपारचा एक, आणि सुवेळा, संजीवनी, बालेकिल्ला यांतलं जेमतेम एक पाहून परतायचं. ज्या गडावरून शिवाजी महाराजांनी पाव शतक राज्य चालवलं, त्याच्यावर असं घड्याळ बघत फिरणं आम्हाला योग्य वाटत नाही. चार-पाच जण मिळून येता-जाता जीप ठरवा, नाहीतर पायथ्याच्या गावात आदल्या रात्री मुक्काम करा.

शिवनेरी आणि लोहगडाचं काय?

शिवनेरीला वाकडेवाडीहून जुन्नरची एसटी, सुमारे ९५ किलोमीटर, अडीच ते तीन तास. जुन्नर स्थानकापासून गडाच्या पायऱ्यांपर्यंत चालत किंवा रिक्षाने जाता येतं. सात दरवाज्यांची वाट बांधीव पायऱ्यांची आहे, ज्येष्ठांनाही जमते. साखळीची वाट वेगळी, ती अनुभवी माणूस बरोबर असल्याशिवाय नको. वेळ उरला तर लेण्याद्री जवळच आहे.

लोहगडाला बसचा हट्ट धरू नका. लोणावळा लोकलने मळवलीला उतरा आणि भाजे गावातून चालत दीड-दोन तासांत लोहगडवाडी गाठा.

पावसाळ्यात जावं का?

जावं, पण वाट निवडून. जुलै-ऑगस्टमध्ये सिंहगडची पायवाट, घोराडेश्वर, मल्हारगड ठीक. तोरण्याचा खडकाळ टप्पा आणि कात्रज-सिंहगडच्या धारा नकोत. खडकावर शेवाळ धरतं आणि धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. घाटात दरड आली की वन विभाग गड बंद करतो, म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी बातम्या पाहा. ओढा गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. डोंगरातला ओढा जसा झटकन चढतो तसाच तास-दोन तासांत ओसरतो, थांबायची तयारी ठेवा.

छत्री नको, वाऱ्यात ती हात अडकवून ठेवते. पोंचो किंवा रेनकोट. सॅकच्या आत एक मोठी प्लास्टिक पिशवी, तिच्यात कोरडा शर्ट आणि पंचा. बसमध्ये ओले कपडे घालून दीड तास बसणं हेच पावसाळी सहलीनंतरच्या आजारपणाचं कारण असतं, अशी तक्रार ऐकू येते. कारण काही असो, कोरडा शर्ट घातल्यावर शेजारी बसलेल्या गावकऱ्याचं धोतरही ओलं होत नाही.

बूट आणि पाणी यांबद्दल थोडक्यात सांगा.

तळाला खोल खाचा असलेले बूट हवेत. गुळगुळीत झालेले जुने धावण्याचे बूट मुरमावर सर्वांत वाईट. नवे बूट आधी आठवडाभर घरी-दारी वापरा, नाहीतर पहिल्याच उतारावर टाचेला फोड येतो. नखं कापून जा, उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो.

पाणी थंडीत माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात चार. नुसतं पाणी पुरत नाही, घामाबरोबर मीठ जातं आणि पोटऱ्यांत गोळे येतात. एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम किंवा लिंबू सरबत ठेवा. खायला दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर. दाट ग्रेव्हीची भाजी नको, ती डब्यातून सांडते आणि बसमध्ये सगळ्यांना कळते.

आग्या मोहोळ आणि साप यांची भीती वाटते.

गडांच्या कड्यांना आणि बुरुजांना आग्या माश्यांची मोहोळं असतात. धूर, फटाके, दगड मारणं, मोठा आवाज आणि उग्र अत्तर यांनी त्या उठतात. उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-डोकं कापडाने झाका आणि लांब निघून जा, पण कड्याच्या बाजूला नाही. काटा नखाने खरवडून काढा, चिमटीत धरून दाबू नका. बरेच डंख असतील किंवा श्वास लागत असेल तर थेट रुग्णालय.

फुरसं आणि घोणस या भागात आहेत. फुरसं दगडाखाली, घोणस गवतात. दगड उलटू नका, बघितल्याशिवाय हात टेकू नका. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. माणसाला हलू देऊ नका आणि १०८ लावा. डोंगरात अडकलात तर ११२. फोनला रेंज नसेल तर धारेवर या, खोऱ्यापेक्षा तिथे मिळण्याची शक्यता जास्त.

शेवटची बस चुकली तर?

आधी थांब्यावरच विचारा, गावातून दुधाची किंवा भाजीची गाडी शहराकडे जाते का. नसेल तर मुख्य रस्त्याच्या फाट्यापर्यंत वडाप किंवा रिक्षा ठरवा. वेल्ह्याकडून आलात तर चेलाडी फाट्यावर सातारा-पुणे मार्गाच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात. आतकरवाडीहून गोळेवाडी चौकापर्यंत चालत आलात तर पानशेतकडून येणारी बस मिळू शकते. अंधारात डांबरी रस्त्याने चालताना विजेरी पेटती ठेवा आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने चाला. दुसऱ्या दिवशी कामाला जायचं असेल आणि काहीच मिळालं नाही, तरी देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर राहायची परवानगी गावकऱ्यांकडे मागता येते. पहाटेची मुक्कामी गाडी गावातच उभी असते, तिचा कंडक्टर किती वाजता गाडी काढणार ते रात्रीच विचारून ठेवा.